मुख्याध्यापक स्वामीजी

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि आदरणीय विश्वस्त मंडळी,



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या शाळेत झेंडावंदन होते. १५ ऑगस्टला जेमतेम महिना झालेला असतो, तोच पुन्हा पांढरे कपडे, पुन्हा संचलन, पुन्हा बुंदीचा पुडा. यंदा कार्यक्रम आटोपल्यावर सातवीतला एक मुलगा पुडा हातात घेऊन कार्यालयाच्या दारात उभा राहिला. त्याला दोन शंका होत्या. एका देशाला स्वातंत्र्य दोनदा कसे मिळते, ही पहिली. आणि कार्यालयात गांधीजींच्या तसबिरीशेजारी जे भगव्या वस्त्रांतले स्वामी आहेत ते कोणत्या मठाचे, ही दुसरी.

पहिल्या शंकेचे उत्तर आम्ही लगेच दिले. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा बीदर, गुलबर्गा, रायचूर, सारा मराठवाडा आणि तेलंगणा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्याकडे तिरंगा उघडपणे लागायला आणखी तेरा महिने जावे लागले. ते १७ सप्टेंबर १९४८ ला घडले. कर्नाटक शासन हाच दिवस २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव दिन म्हणून साजरा करते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर देताना मात्र आम्ही थोडे थबकलो. ते स्वामी कोणत्याच मठाचे नव्हते. ते एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. मुलाला हे काही पटले नाही. मुख्याध्यापक म्हटला की टेबल, घंटा, शिक्का आणि हजेरीपट असे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे असणार, आणि त्यात त्याची चूक नाही. त्या मुलासाठी, आणि त्याच्यासारख्या आपल्या सर्वांसाठी, या अंकात स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र थोडक्यात सांगत आहोत. त्यांच्या लढ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही त्यांच्या शाळेविषयी जरा अधिक बोलणार आहोत, कारण आमच्या मते तो लढा त्या शाळेतूनच निघाला.

सिंदगीचा व्यंकटेश

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश. आडनाव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी आजच्या विजयपूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. घराण्याचे मूळ गाव चिनमळ्ळी, म्हणजे आपल्या कलबुर्गीकडचे. म्हणजे पाहा, ज्यांना सारा महाराष्ट्र मराठवाड्याचे म्हणून ओळखतो ते जन्माने आपल्या या कन्नड मुलखातले. पुढे शिक्षण झाले ते सोलापूर, अमळनेर, पुणे अशा मराठी गावांत. एका भाषेच्या अंगणात जन्मायचे आणि दुसऱ्या भाषेच्या ओसरीवर वाढायचे, हे आपल्या भागातल्या माणसांना काही नवीन नाही.

व्यंकटेश सोलापूरला हायस्कुलात शिकत असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. तेव्हा तो सतरा वर्षांचाही नव्हता. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवले, की लग्न करायचे नाही आणि आयुष्य देशाच्या कामाला द्यायचे. त्या वयात असे निश्चय पुष्कळजण करतात आणि परीक्षा जवळ आली की विसरतात. हा मुलगा विसरला नाही. थोड्याच दिवसांत गांधीजींनी असहकाराची हाक दिली. सरकारी शाळा-महाविद्यालये सोडा, असे त्या चळवळीतले एक कलम होते. व्यंकटेशने शाळा सोडली.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबा. स्वामीजींनी शाळा सोडली म्हणून आपणही सोडावी, असा अर्थ कोणी काढू नये. त्याने एक शाळा सोडली ती दुसरी धरण्यासाठी. देशात तेव्हा राष्ट्रीय शाळा निघाल्या होत्या. सरकारी अनुदान घ्यायचे नाही, मातृभाषेतून शिकवायचे, हाताने काम करायला लावायचे आणि देशाविषयी बोलायला भ्यायचे नाही, अशी त्यांची रीत. अमळनेरच्या अशाच शाळेतून व्यंकटेश पुढे सरकला आणि पुण्याच्या टिळक महाविद्यालयात गेला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची एम.ए. ही पदवी त्याने मिळवली. सरकारदरबारी या पदवीला किंमत नव्हती, नोकरीच्या बाजारात तर मुळीच नव्हती. ज्ञान मात्र खणखणीत होते. स्वामीजींचे इंग्रजी किती उत्तम होते याची साक्ष त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या, हैदराबादच्या लढ्याच्या आठवणींच्या पुस्तकात मिळते.

शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. कामगार चळवळीत संघटना कशी बांधायची, माणसांची कामे कशी वाटून द्यायची, हिशेब कसा चोख ठेवायचा, हे त्यांना शिकायला मिळाले. पुढे मुख्याध्यापक म्हणून त्यांना या गोष्टींचा उपयोग झाला असणार. शाळा चालवणे म्हणजे तरी दुसरे काय असते!

निजामाच्या राज्यातली शाळा

आता स्वामीजी ज्या राज्यात शाळा चालवायला आले ते राज्य कसे होते, हे समजून घ्यायला हवे. १९३१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४४ लाख होती. त्यात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, सुमारे चौथा हिस्सा मराठी, दहावा हिस्सा किंवा थोडे अधिक कन्नड आणि जवळजवळ तितकेच उर्दू. पण राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि प्राथमिकचे सुरुवातीचे वर्ग सोडले तर शिक्षणाची भाषाही उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. देशी भाषेतून विद्यापीठाचे शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठाच होता, हे मान्य करायला हवे. अडचण एवढीच होती, की ती भाषा बहुसंख्य मुलांच्या घरात बोलली जात नव्हती. परिणामी शंभरात दहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हते.

उर्दूविषयी आमच्या मनात जराही अढी नाही, हे सांगून ठेवतो. बीदरच्या मातीत दखनी उर्दू आपल्याइतकीच मुरलेली आहे. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी आणि वर्गात हिंदी अशा चार घोटांवर आम्ही वाढलो. त्यामुळे परक्या माध्यमात शिकणाऱ्या मुलाची दमछाक आम्हांला पुस्तकातून वाचावी लागली नाही. उत्तर येत असते, पण वाक्य येत नाही, आणि मूल हळूहळू मागच्या बाकावर जाऊन बसते.

अशा परिस्थितीत ठिकठिकाणी लोकांनी स्वतःच्या हिमतीवर शाळा काढल्या. आपल्या गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ चे. औरंगाबादचे सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी या त्याच काळातल्या संस्था. या शाळा काढणे सोपे नव्हते. खाजगी शाळेला सरकारी परवानगी लागे. १९२९ मध्ये निघालेल्या ५३ क्रमांकाच्या गश्तीने, म्हणजे सरकारी परिपत्रकाने, सभा-संमेलनालाही आगाऊ परवानगी सक्तीची केली. चार माणसे एकत्र बसण्याची भीती वाटावी अशा राज्यात शाळा हीच एक जागा होती जेथे रोज शंभर मुले एकत्र बसत.

हिप्परगा

उमरग्याच्या पलीकडे, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे खेडे आहे. तेथे १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. आळंद-बसवकल्याणच्या बाजूला राहणाऱ्या आपल्या पालकांना हा परिसर परका नाही. पाहुणे-सोयरे, बाजारहाट, यात्रा सगळे त्या वाटेवरचेच. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर या शाळेत आले आणि तिचे मुख्याध्यापक झाले.

पुण्या-मुंबईत राहून आलेला, एम.ए. झालेला, पंचविशीतला तरुण. त्याला शहरात जागा मिळाली नसती असे नाही. तो आडगावच्या शाळेत आला आणि मुलांबरोबर राहू लागला. शाळा निवासी होती. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच आवारात राहत. शिक्षक नाममात्र वेतनावर काम करीत. राष्ट्रीय शाळेच्या रीतीप्रमाणे अभ्यासाइतकेच व्यायाम, श्रम आणि साधी राहणी यांना महत्त्व होते. हिप्परग्यास असतानाच व्यंकटेशने संन्यासदीक्षा घेतली आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. पण संन्यास घेऊन तो हिमालयात गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गातच जायचे होते.

आमच्या मते स्वामीजींच्या चरित्रातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. आपल्याकडे संन्यासी म्हटला की त्याने शाळा, संसार, कटकटी सोडायच्या, असे मानतात. येथे संन्याशाने सोडल्या त्या फक्त स्वतःसाठीच्या गोष्टी. पगार वाढावा, घर बांधावे, नाव व्हावे, ही ओढ गेली, आणि शाळा राहिली. मुख्याध्यापकाला स्वतःसाठी काही नको आहे, हे मुलांना फार लवकर कळते. शिक्षकांना त्याहून लवकर कळते. मग त्याला कोणाला फार सांगावे लागत नाही.

अलीकडे प्रशिक्षण वर्गांत शालेय नेतृत्व आणि शालेय संस्कृती असे शब्द फार ऐकू येतात. आम्ही अशा कित्येक वर्गांना बसलो आहोत. फलकावर तक्ते काढतात, चौकोन जोडतात, शेवटी प्रमाणपत्र देतात. त्या तक्त्यांत चुकीचे काही नसते. पण शाळेची संस्कृती म्हणजे काय, हे आम्हांला हिप्परग्याच्या गोष्टीतून अधिक सरळ कळले. मुख्याध्यापक बघत नसताना शाळेत जे चालते, ती शाळेची संस्कृती. नळ गळत असेल तर तो कोण बंद करतो. नव्या मुलाशेजारी कोण बसतो. सर रजेवर असतील तर वर्गात गलका होतो की वाचन. या गोष्टी सूचनाफलकावर लिहून होत नाहीत. मोठी माणसे रोज कशी वागतात, ते पाहून पाहून त्या होतात.

अंबाजोगाई आणि १९३८ चे वर्ष

१९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईला आले. तेव्हा त्या गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. योगेश्वरीच्या शाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. हिप्परग्याचे त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे यांच्यासारखी माणसेही त्यांच्याबरोबर होती. चांगला मुख्याध्यापक एकटा येत नाही, माणसे घेऊन येतो किंवा असलेल्या माणसांतून माणसे घडवतो. अंबाजोगाईची शाळा थोड्याच वर्षांत मराठवाड्यातल्या तरुणांचे आणि कार्यकर्त्यांचे ठिकाण बनली.

मग १९३८ साल आले. हैदराबाद स्टेट काँग्रेस ही संघटना धड जन्माला येण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला आणि सत्याग्रहात उतरले. त्यांना अटक होऊन शिक्षा झाली. त्याच हिवाळ्यात वंदे मातरम् गाण्यावरून विद्यार्थ्यांची चळवळ पेटली. औरंगाबादपासून हैदराबाद आणि गुलबर्ग्यापर्यंतच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत ते गीत म्हणण्याचा हक्क मागितला आणि त्यापायी शेकडोंना महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी आपली दारे उघडली नसती तर त्यांचे शिक्षण तेथेच संपले असते. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकी एक. ते स्वामीजींना गुरुस्थानी मानीत.

एक प्रश्न आम्हांला अनेक वर्षे सतावत असे. मुख्याध्यापकाने शाळा अशी मध्येच सोडून जावी का? वर्गात मुले बसलेली आहेत, परीक्षा तोंडावर आहेत आणि मुख्याध्यापक तुरुंगात. पालक म्हणून तुम्ही काय म्हणाल? आम्ही स्वतः मुख्याध्यापक नसतो तर कदाचित हा प्रश्न पडला नसता.

त्याचे उत्तर शाळेनेच दिले आहे. स्वामीजी गेले, पण योगेश्वरी बंद पडली नाही. मागच्या माणसांनी ती चालवली. पुढे ती वाढली. आजही अंबाजोगाईत योगेश्वरी शिक्षण संस्था उभी आहे. स्वामीजींना जाता आले, कारण ते गेल्यावर शाळा चालेल अशी त्यांनी ती चालवली होती. उलट ज्या शाळेत मुख्याध्यापकाच्या सहीवाचून खडूचा डबाही निघत नाही, तेथला मुख्याध्यापक कितीही कष्टाळू असो, त्याने शाळा उभी केलेली नसते. तो फक्त तिला खांद्यावर घेऊन उभा असतो.

एका किल्लीची गोष्ट

हे लिहिताना आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगावीशी वाटते. फार अभिमानाची नाही. विज्ञान प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कित्येक वर्षे आमच्याच खिशात असे. सामान महाग, मुले दांडगी, कोणी काही फोडले तर विश्वस्तांना काय सांगायचे, अशी भीती. गेल्या वर्षी एके दिवशी बीईओ कार्यालयात बैठक होती. ती लांबली. इकडे दहावीचा प्रयोगाचा तास होता. शिक्षक दारात, मुले बाकांवर आणि किल्ली तालुक्याच्या गावी आमच्या खिशात. चाळीस मिनिटे मुले फळ्यावर प्रयोगाचे चित्र काढत बसली. परतल्यावर कोणी तक्रार केली नाही. तक्रार न करणे हेच आम्हांला जास्त लागले. याचा अर्थ, असेच चालायचे, ही सगळ्यांना सवय झाली होती. ती सवय आम्हीच लावली होती.

यंदा जूनपासून किल्ली विज्ञानाच्या शिक्षकांकडे आहे आणि सामानाची नोंदवही दहावीचे दोन विद्यार्थी ठेवतात. आतापर्यंत दोन परीक्षानळ्या फुटल्या. दोन्ही वेळा नोंद आम्ही विचारायच्या आधी वहीत होती. गोष्ट लहान आहे, पण स्वामीजींच्या चरित्रातून आम्ही प्रत्यक्ष काय घेतले, असे कोणी विचारले तर आम्ही हीच दाखवू.

लढा आणि त्यानंतर

स्वामीजींचे पुढचे आयुष्य राजकारणात गेले. ते येथे थोडक्यात सांगतो. १९४० मध्ये त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला, पुन्हा तुरुंगवास भोगला. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. संघटनेत गट होते, मतभेद होते, स्वामीजींचे सगळ्यांशी पटले असेही नाही. १९४७ मध्ये निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला, तेव्हा ७ ऑगस्टला त्यांनी भारतात सामील व्हा हा दिवस पाळण्याची हाक दिली. १५ ऑगस्टला देश आनंदात असताना हैदराबादेत त्यांना अटक झाली. मधल्या थोड्या दिवसांचा अपवाद सोडला तर त्यानंतरचे वर्ष त्यांनी तुरुंगात काढले.

बाहेर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. १९४८ च्या मे महिन्यात आपल्या बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात त्यांनी केलेली कत्तल अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. १३ सप्टेंबरला भारतीय सेना आत शिरली आणि १७ ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या दिवसांत आपल्या भागातल्या पुष्कळ निरपराध मुसलमान कुटुंबांनाही सूडापायी जीव आणि घरदार गमवावे लागले. त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. मुलांना इतिहास सांगायचा तर दोन्ही सांगावे, असे आमचे मत आहे. आपल्या वर्गात दोन्ही घरांतली मुले एका बाकावर बसतात.

सुटकेनंतर स्वामीजींना मोठे पद सहज मिळाले असते. त्यांनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले ते आपल्या गुलबर्गा मतदारसंघातून. १९५७ मध्ये औरंगाबादहून निवडून आले. दोन भाषांच्या दोन मतदारसंघांनी एकाच माणसाला आपला मानावे, ही सोपी गोष्ट नव्हे. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले, त्यामागेही त्यांचे नेतृत्व होते. म्हणजे राज्य मुक्त झाल्यावर हा माणूस पुन्हा आपल्या मूळ धंद्याकडे, शिक्षणाकडे वळला.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेले विद्यापीठ त्यांचे नाव चालवत आहेत. पोचमपल्लीला त्यांच्या नावाची ग्रामीण संस्था आहे. एका खेड्यातल्या मुख्याध्यापकाचे नाव विद्यापीठाला लागावे, हे आम्हां शिक्षकमंडळींना फार सुखावणारे आहे.

सीमेवरचे आपण

आता थोडे आपल्याविषयी. हैदराबाद संस्थानचे भाषेप्रमाणे विभाजन व्हावे, अशी स्वामीजींची भूमिका होती. १ नोव्हेंबर १९५६ ला ते झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्रात, आणि आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तिकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद इकडे राहिले. रेघ कोठेतरी ओढावीच लागते आणि ती कोठेही ओढली तरी काही घरे पलीकडे जातात. भाषेसाठी झटलेल्या माणसाच्या यशातच आपण मराठी माणसे कर्नाटकात राहिलो. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी काहींच्या मनात याची सल होती. ती आम्ही नाकारत नाही.

पण स्वामीजी स्वतः सिंदगीचे होते, हे आठवले की सल थोडी कमी होते. मूल समजेल अशा भाषेत शिकले पाहिजे, हे त्यांनी शाळेत पाहिले होते. त्याला दुसरी भाषा वैरी वाटली पाहिजे, असे त्यातून निघत नाही. म्हणून आपल्या शाळेत मराठीतून शिकायचे, आणि ज्या राज्यात राहतो त्या राज्याची कन्नड उत्तम आली पाहिजे, पास होण्यापुरती नव्हे. इंग्रजीही यायला हवी. स्वामीजींना आली, ती मराठीतून शिकूनच.

पटसंख्या घटत चालली आहे, हे विश्वस्त मंडळींना आम्ही मागच्या सभेत सांगितले. पालक लेकरांना पिवळ्या बसमध्ये बसवून दूरच्या इंग्रजी शाळेत पाठवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आईबाप आपल्या लेकराचे वाईट करत नाहीत. आपल्या तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांपुढेही हेच संकट आहे, आणि तेथले मुख्याध्यापक आमचे स्नेही आहेत. दोन शिक्षकांवर पाच वर्ग, अक्षर दासोहचा हिशेब, माहितीचे तक्ते, जनगणना, निवडणूक, एवढ्या व्यापात ते शाळा राखून आहेत. त्यांच्याकडे पाहिले की हिप्परगा फार जुनी गोष्ट वाटत नाही.

सभेत सूचना आल्या. नवी इमारत, नवे फाटक, संगणक कक्ष, नावात थोडा बदल. त्यांतल्या काही आवश्यकच आहेत आणि आमचा पाठिंबा आहे. परंतु एक विनंती आहे. आमच्या निवृत्तीला आता थोडीच वर्षे राहिली. पुढचा मुख्याध्यापक निवडताना त्याची प्रमाणपत्रे अवश्य पाहा, पण त्याबरोबर तो ज्या शाळेतून येईल त्या शाळेत एकदा न कळवता जाऊन या. तो त्या दिवशी रजेवर असेल तर फारच उत्तम. शाळा कशी चालली आहे ते पाहा. त्यावरून माणूस कळेल.

पालकांना एवढेच सांगणे, की शाळेचे फाटक सकाळी नऊ वाजता उघडते आणि ते तुमच्यासाठीही उघडे असते. फक्त निकालाच्या दिवशी येऊ नका. साध्या दिवशी या, वर्गाच्या खिडकीतून पाहा, खटकले तर सांगा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, ३ ऑक्टोबरला स्वामीजींची जयंती आहे. त्या दिवशी आम्ही भाषण करणार नाही. परिपाठ, घंटा, उपस्थिती, भोजन, मैदान, स्वच्छता, सगळे दहावीच्या आणि नववीच्या मुलामुलींनी चालवायचे. शिक्षक त्यांचे तास घेतील. आम्ही कार्यालयात न बसता सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसू. तो शंका विचारणारा मुलगा त्याच वर्गात आहे. त्या दिवशी शाळा नीट चालली, तर मुख्याध्यापक आणि संन्यासी एकाच माणसात कसे मावतात, हे त्याला थोडे तरी समजेल अशी आशा आहे.

आपला,
मुख्याध्यापक